संगणकावरील बिऱ्हाड कोठें ठेवावें ?

येलदरीस राहणाऱ्या माणसानें सांठवणीविषयीं बोलावें यांत नवल नाहीं. पूर्णा नदीचें पाणी आमच्या धरणांत अडतें, वीजगृहांतून खालीं उतरतें, सिद्धेश्वरच्या जलाशयांत जातें, आणि तेथून निघालेल्या कालव्यानें दूरदूरच्या शेतांस मिळतें. ज्याच्या शेतांत पीक उभें आहे त्याच्या दारांत तळें नसतें. आज ज्या विषयाची ओळख मी आपणांस करून देणार आहें, तो असाच आहे. संगणक एका ठिकाणीं, त्यावर काम करणारा दुसऱ्या ठिकाणीं, आणि त्याचें सामान तिसऱ्याच जागीं : ही व्यवस्था कशी लावतात, आणि ती लावतांना हयगय झाली तर काय गमवावें लागतें, तें पाहूं.

२०२० सालच्या टाळेबंदीपासून खेड्यापाड्यांतील कित्येक तरुण घरीं बसून पुण्या-मुंबईच्या कचेऱ्यांचें काम करूं लागले. त्यांच्यापैकीं पुष्कळांच्या पुढ्यांतील लॅपटॉपवर कचेरीचा पडदा दिसतो खरा, परंतु तो केवळ देखावा होय. पत्रें उघडणारें व हिशेब करणारें यंत्र दूरच्या एखाद्या इमारतींत असतें. तेथें एका बलाढ्य संगणकाचे अनेक भाग पाडून प्रत्येक भाग स्वतंत्र संगणकासारखा वापरतात. त्यास आभासी संगणक म्हणतात. मायक्रोसॉफ्ट कंपनीनें अशी सोय ३० सप्टेंबर २०१९ रोजीं सर्वांस खुली केली. २०२१ सालापासून तिचें नांव अझूर व्हर्च्युअल डेस्कटॉप असें आहे.

ह्या आभासी संगणकाची गोष्ट धर्मशाळेंतील खोलीसारखी आहे. आज आपणांस पहिली खोली मिळेल, उद्यां चौथी. चालू यंत्राचें भाडें तासावर मोजावें लागतें, म्हणून रात्रीं कांहीं यंत्रें बंद करतात, तर कांहीं पार पुसून टाकून सकाळीं नवीं उभारतात. मग आपण काल त्या खोलींत जें मांडून ठेवलें होतें, त्याचें काय ? पत्राखालची सही, नेहमीं लागणाऱ्या पानांच्या खुणा, अर्धवट राहिलेला मजकूर, मराठी टंकलेखनासाठीं मोठ्या खटपटीनें बसविलेला कळफलक, ह्या साऱ्या सामानास प्रोफाइल असें नांव आहे. मी त्यास बिऱ्हाड म्हणतों. बिऱ्हाड खोलींतच राहिलें तर खोलीबरोबर तेंहि नाहींसें होतें, आणि कामकरी मनुष्य रोज सकाळीं नवखा होऊन बसतो.

ह्यावर विंडोजमध्यें पूर्वींपासून एक उपाय होता. बिऱ्हाड एका मध्यवर्ती संगणकावर ठेवावयाचें, सकाळीं त्याची नक्कल खोलींत आणावयाची आणि संध्याकाळीं बदललेलें सामान परत नेऊन टाकावयाचें. हें विंचवाचें बिऱ्हाड झालें. सामान थोडें असेपर्यंत तें पाठीवर पेलत असे. परंतु नुसत्या पत्रव्यवहाराचींच हजारों पत्रें सांठूं लागलीं, तेव्हां नक्कल होईपर्यंत माणूस पडद्याकडे पाहात स्वस्थ बसे. मध्येंच तार तुटली तर अर्धें सामान वाटेंतच राही.

आतांची युक्ति निराळी आहे. प्रत्येक माणसाचें बिऱ्हाड एका बंद पेटींत ठेवतात. ही पेटी म्हणजे एकच मोठी फाइल. परंतु संगणकास ती जोडली कीं ती त्यास आपलीच एक तबकडी वाटते. पेटी जागची हलत नाहीं. तींतील जी वस्तु हवी, तेवढीच तारेवरून येते. हें काम करणारा प्रोग्राम एफएसलॉजिक्स ह्या नांवाचा असून तो मूळ दुसऱ्या एका कंपनीचा होता. ती कंपनी मायक्रोसॉफ्टनें २०१८ सालीं विकत घेतली.

पेट्या ठेवण्याकरितां कोठार लागतें. अझूर फाइल्स हें असें भाड्याचें कोठार आहे. त्यास क्लाउडमधील सांठवण म्हणतात. क्लाउड म्हणजे मेघ; पण हा मेघ आकाशांत नाहीं, पुण्यांत आहे. मायक्रोसॉफ्टनें २०१५ सालीं पुणें, मुंबई व चेन्नई येथें आपलीं केंद्रें उघडलीं, त्यांपैकीं पुण्याच्या केंद्रास ती सेंट्रल इंडिया म्हणते. येथें एक गोष्ट नीट ध्यानांत घ्यावी. पेटी माणसाजवळ नव्हे, तर यंत्राजवळ ठेवावयाची असते. माणूस येलदरीस असला तरी त्याचें आभासी यंत्र पुण्यास असेल तर पेटीहि पुण्यासच हवी. यंत्र पुण्यास आणि पेटी चेन्नईस ठेवली, तर प्रत्येक बारीकसारीक कागदासाठीं चेन्नईची खेप पडते, आणि सारें काम मंदावतें.

कोठार केवढें घ्यावें, ह्याचा हिशेब इयत्ता चौथीचा आहे. एका पेटीची कमाल मर्यादा सामान्यतः ३० जीबी ठेवलेली असते. शंभर माणसें असतील तर ३००० जीबी झाले. परंतु नुसत्या जागेवर भागत नाहीं. काम चालूं असतां एका माणसामागें सेकंदाला सुमारें १० वाचन-लेखनें होतात, तर आंत येतांना व बाहेर पडतांना सुमारें ५०, असा मायक्रोसॉफ्टचाच अंदाज आहे. सकाळीं दहाच्या ठोक्यास शंभर जण एकदम आले तर ५००० ची झुंबड उडते. म्हणून मोठ्या कचेरीस जलद प्रतीचें, म्हणजे प्रीमियम कोठार घ्यावें लागतें. त्यांत घागर भरो न भरो, राखून ठेवलेल्या जागेचें भाडें द्यावेंच लागतें.

आतां कुलुपाचा प्रश्न. माझ्या मतें साऱ्या उभारणींत हाच खरा जोखमीचा आहे. कोठारास दोन दारें असतात. बाहेरच्या दारावर आंत कोणीं यावें तें ठरतें. ती परवानगी कचेरीच्या नोंदवहींत ज्यांचीं नांवें आहेत त्यांनाच द्यावयाची. आंतल्या दारावर कोणीं कोणती पेटी उघडावी तें ठरतें. घाईंत असलेला व्यवस्थापक आंतलें दार सर्वांस सताड मोकळें ठेवतो, कारण तसें केल्यानें सारें तत्काळ चालूं लागतें व तक्रार येत नाहीं. परंतु मग एका कारकुनास दुसऱ्याची पेटी उचलून तिच्यांतील खासगी पत्रें वाचतां येतात, आणि ज्याचें वाचलें गेलें त्यास त्याचा पत्ताहि लागत नाहीं. योग्य रीत वसतिगृहासारखी आहे. दालनांत आपली ट्रंक आणून ठेवण्याची मुभा प्रत्येक विद्यार्थ्यास असावी, पण ती दालनापुरतीच. ट्रंकेच्या आंतील अधिकार ज्यानें ती आणली त्याचाच. विंडोजच्या परवानग्यांत हे दोन्ही नियम निरनिराळे लिहितां येतात, आणि ते तसेच लिहावे. कोठाराची एक मुख्य किल्लीहि असते. तिनें सर्व कांहीं उघडतें; म्हणून ती एखाद्यादुसऱ्या जबाबदार माणसापाशींच असावी. कोठाराचा रस्ताहि सार्वजनिक इंटरनेटवर उघडा न ठेवतां खासगी ठेवावा.

ह्यानंतरचें काम थोडें आहे. प्रत्येक आभासी यंत्रावर एफएसलॉजिक्स बसवावा, तो चालूं करावा आणि कोठाराचा पत्ता त्यास सांगावा. विषाणुशोधक प्रोग्रामास ह्या पेट्या वगळावयास सांगावें, नाहींतर तो प्रत्येक पेटी उपसत बसतो. एक पेटी एका वेळीं एकाच यंत्रास लिहिण्यासाठीं मिळते. जुनें यंत्र नीट बंद न होतां अडकून पडलें तर नव्या यंत्रावर पेटी उघडत नाहीं, आणि माणसास आपलें सामान हरवलेंसें वाटतें. तें हरवलेलें नसतें. अडकलेलें यंत्र सोडविलें कीं परत दिसतें.

खरोखर हरवतें तें निराळ्या रीतीनें. कोठारवाला प्रत्येक वस्तूच्या किमान तीन प्रती ठेवतो, हें ऐकून पुष्कळ जण निश्चिंत होतात. त्या प्रती तबकडी बिघडली तर उपयोगी पडतात. परंतु कागदाखालीं दोन कार्बन ठेवून लिहिलें, तर लिहिणाऱ्याची चूकहि तिन्ही ठिकाणीं उमटते. माणसानें एखादा मजकूर पुसला कीं तो तिन्ही प्रतींतून पुसला जातो. म्हणून रोज कोठाराचें त्या वेळचें चित्र, म्हणजे स्नॅपशॉट, निराळें घेऊन ठेवावें. आणि त्यावरून एखादी पेटी खरोखर परत मिळते कीं नाहीं, तें गरज पडण्यापूर्वींच करून पाहावें.

उभारणी पुरी झाली कीं तिची परीक्षा घ्यावी. एका माणसास आंत पाठवून कळफलक मराठी करावयास सांगावें व बाहेर काढावें. कोठारांत त्याच्या नांवाचा फोल्डर व त्यांत पेटी आली आहे काय, तें पाहावें. मग त्यासच दुसऱ्या यंत्रावर पाठवावें. तेथें कळफलक मराठीच असला पाहिजे. शेवटीं दुसऱ्या एखाद्या माणसाच्या नांवानें आंत जाऊन पहिल्याचा फोल्डर उघडण्याचा प्रयत्न करावा. परवानगी नाहीं, असें उत्तर आलें, म्हणजे कोठार कचेरीच्या स्वाधीन करावयास हरकत नाहीं.