आजीच्या पडवीत मुलं, माळ्यावर कुलूपबंद पेटी



आषाढात भाताची आवणी सुरू झाली की जुन्नर-आंबेगावच्या पश्चिम पट्ट्यातील आदिवासी पाड्यांवर घरातली कर्ती माणसं पहाटेच खाचरात जातात. हिरड्याच्या हंगामातही तसंच. अंगणवाडीत तीन ते सहा वर्षांची मुलं बसतात, तीही काही तासच. उरलेला वेळ ही मुलं आणि त्यांच्याहून लहान लेकरं एखाद्या आजीच्या पडवीत सांभाळली जातात. आजीची माया आणि अनुभव मोठा. पण पाच-सहा पोरांवर दोन डोळे किती पुरणार? म्हणून धोक्याची वस्तू मुळातच हाताला लागू नये, अशी ठेवायला हवी.

सर्वांत मोठा धोका शेतीच्या औषधाचा. उरलेलं औषध किंवा रॉकेल पाण्याच्या किंवा सरबताच्या बाटलीत ओतून ठेवलं, तर तहानलेलं मूल ते पाणी समजूनच पितं. औषध मूळ बाटलीतच ठेवावं. तिच्यावरच्या चौकोनातील रंग विषाची तीव्रता सांगतो : लाल अतिशय विषारी, त्याखालोखाल पिवळा, निळा, हिरवा. लेकरासाठी मात्र हिरवाही विषारीच. ‘थिमेट’ या नावाने ओळखलं जाणारं फोरेट ३१ डिसेंबर २०२० पासून देशात बंद आहे. जुनी पुडी घरात असेल तर ती ओढ्यात न टाकता कृषी सहायकांना विचारावं.

दुसरी वस्तू लोहाच्या गोळ्या. गरोदर बाईला मिळणारी लाल गोळी मुलाला चॉकलेटसारखी दिसते. आईला उपयोगी असलेल्या या गोळ्या लहान मुलानं मूठभर खाल्ल्या तर जिवावर बेततं.

तिसरी, कुडात खोचलेला विळा आणि कोपऱ्यात टेकवलेला कोयता. चौथी, पाण्याचं पिंप. डिंभे आणि माणिकडोह ही धरणं जवळ असूनही उन्हाळ्यात वरच्या पाड्यांवर पाणी साठवून ठेवावं लागतं. रांगतं मूल वीतभर पाण्यातही बुडू शकतं. पिंपावर घट्ट झाकण हवं, टब-बादली रिकामी करून पालथी घालावी.

उपाय फार खर्चाचा नाही. एक पत्र्याची पेटी, एक कुलूप आणि माळ्यावर जागा. औषधं, गोळ्या, विळे त्यात. किल्ली आजीच्या कमरेला. धान्य आणि खाऊ मात्र त्या पेटीत कधीच नको. मुलं येण्याआधी एकदा जमिनीवर बसून, लेकराच्या उंचीवरून घर पाहावं. हाताला काय लागतं ते लगेच कळतं.

तरीही काही घडलंच, तर उलटी करवू नये, मीठ-पाणी पाजू नये. १०८ ला फोन करून घोडेगाव किंवा जुन्नरच्या ग्रामीण रुग्णालयापैकी जवळचं गाठावं. बाटली किंवा वेष्टन सोबत न्यावं. दिल्लीच्या एम्समधील राष्ट्रीय विष माहिती केंद्राचा १८०० ११६ ११७ हा क्रमांक विनामूल्य आहे.

पाड्यावर भेटीला जाताना आपण खाऊ नेतो, कपडे नेतो. पुढच्या वेळी सोबत एक कुलूपही न्यावं.