पेटीतला कशिदा

बेळगाव-धारवाड भागातील जुन्या मराठी घरांतून माळ्यावरची पत्र्याची ट्रंक उघडावी, तो तळाशी धोतराच्या तुकड्यात गुंडाळलेले एक गाठोडे हमखास निघते. त्यात उशांचे अभ्रे असतात, ताटावर झाकावयाचे रुमाल असतात, बाळंतविड्यातील कुंची नि दुपटे असते आणि दैव बलवत्तर असल्यास कशिद्याने भरलेली एखादी चंद्रकळाही असते. या वस्तू आपण इतक्या जपतो, की त्या वापराव्यात असे कोणाच्या मनातही येत नाही. आणि जपता जपताच त्या घडीवर विरून जातात. वापराने कापड झिजते हे खरे. परंतु पेटीतही ते सुखरूप नसते.

आपल्या भागातील या भरतकामास कानडीत कसुती म्हणतात. ‘कै’ म्हणजे हात आणि ‘सूती’ म्हणजे सूत, अशी त्या शब्दाची फोड सामान्यतः केली जाते. आपण मराठी माणसे सरसकट कशिदा म्हणून मोकळे होतो. पण या कलेत टाक्यांचे चार स्पष्ट प्रकार आहेत. गवंती, मुरगी, नेगी आणि मेंथी. नेगी विणकरीसारखी दिसते. मेंथी म्हणजे फुलीचा टाका, त्याला दोरा फार लागतो. मुरगी पायऱ्यापायऱ्यांनी चढते. खरी मौज आहे ती गवंतीत. सुई एक टाका घेत, एक सोडीत पुढे जाते आणि त्याच वाटेने परतताना सोडलेल्या जागा भरीत आरंभाच्या ठिकाणी येते. गाठ मारावयाची नाही; उलट बाजू सुलट बाजूसारखीच दिसली पाहिजे. कापडावर आधी नक्षी छापीत नाहीत. इरकलीचे उभे-आडवे धागे डोळ्यांनी मोजावयाचे आणि त्यांवर गोपुर, रथ, पालखी, तुळशीवृंदावन, हत्ती, मोर उभे करावयाचे! ज्या बायकांना अक्षरओळखही नव्हती, त्यांचे हे गणित पाहून माझ्यासारखा शाळामास्तर चकित होतो.

नक्षी मोजून काढलेली असल्यामुळेच ती पुन्हा मोजून काढता येते. आमच्या आजीच्या हातचे, जुन्या इरकलीचे एकच दुपटे घरात उरले होते. हक्क सांगणाऱ्या नाती मात्र तिघी! एकीने तर ते कापून वाटून घेण्याची सूचना केली. अखेर आमच्या सौभाग्यवतीने भिंग आणि आलेखाचा कागद घेतला, दुपारच्या उजेडात खिडकीशी बसून एकेका टाक्यास एक चौकोन या हिशेबाने सारी नक्षी उतरविली. त्या कामास पंधरवडा लागला. कापड घेताना एक गोष्ट ध्यानात ठेवावी लागते. बाजारातील जाड दोसुतीवर टाके मोजावयास सोपे, पण नक्षी मूळच्यापेक्षा बरीच मोठी होते. म्हणून धागे जितके बारीक व दोन्ही दिशांना समान मिळतील, तितके बरे.

उतरवून घेताना असे दिसले, की एका रथाचे एक चाक दुसऱ्याहून एका टाक्याने लहान आहे. ते सुधारावे, की तसेच ठेवावे? यावर घरात चांगलाच वाद झाला. धाकटीचे म्हणणे, चूक ती चूक. थोरली म्हणाली, “ते चाक सारखं केलंत, तर ते आजीचं कसं राहील, वहिनी?” माझे मत थोरलीच्या बाजूने पडले. तिन्ही नव्या दुपट्यांवर तो रथ तसाच निघाला, आणि नंतर मूळ दुपट्यावर कोणीच हट्ट धरला नाही.

मूळ वस्तू वापरावयाची असेल तर थोडे पथ्य हवे. धुण्यापूर्वी पांढरे ओले फडके दोऱ्यावर दाबून पाहावे. त्यास रंग लागला, तर ती वस्तू पाण्यात घालू नये. रंग पक्का असल्यास रिठ्याच्या कोमट पाण्यात बुडवून ठेवावे. चोळू व पिळू नये. टॉवेलात गुंडाळून पाणी टिपावे, सावलीत आडवे पसरून वाळवावे. इस्त्री उलट बाजूने, खाली जाड पंचा घालून करावी. खळ देऊन ठेवू नये, कसरीस तेच हवे असते. प्लॅस्टिकच्या पिशवीत तर मुळीच बांधू नये; धुतलेल्या सुती कापडात सैल गुंडाळावे आणि दर तीन-चार महिन्यांनी घडी बदलावी. लोहाच्या संयोगाने केलेला जुना काळा रंग कालांतराने धाग्यालाच खातो, म्हणून काळ्या लुगड्यांकडे विशेष लक्ष असावे.

कापड पार विरलेच असेल, तर नक्षीचा धड भाग तलम मलमलीवर बारीक टाक्यांनी धरून घ्यावा आणि देवघरातील चौरंगावर किंवा भिंतीवर, ऊन लागणार नाही अशा ठिकाणी लावावा. उशीच्या अभ्र्यावर मात्र तो तुकडा लावू नये; डोक्याचे तेल त्यास फार दिवस टिकू देत नाही.

आमच्याकडील तो आलेखाचा कागद आता पाककृतींच्या वहीत, अनारशांच्या पानाशेजारी चिकटविलेला आहे. कोणत्या रंगाच्या किती लडी लागल्या, याची नोंद समासात पेन्सिलीने केलेली आहे आणि लहान चाकाभोवती तांबड्या शाईचे वर्तुळ आहे.