450 कोटी टनांचं आमिष

जगातल्या समुद्रांत सुमारे 450 कोटी टन युरेनियम विरघळलेलं आहे. जमिनीखालचे, काढता येण्याजोगे म्हणून मोजलेले साठे 60 ते 80 लाख टनांच्या घरात, आणि जगभरच्या अणुभट्ट्यांची भूक वर्षाला 70 हजार टनांच्या आसपास. भागाकार केला तर समुद्र साठ हजार वर्षांहून जास्त पुरतो. असा आकडा पाहून कुणाच्याही तोंडाला पाणी सुटेल, खारं का होईना.

जर्मन रसायनशास्त्रज्ञ फ्रिट्झ हाबर यांना सुटलं होतं. पहिल्या महायुद्धानंतर जर्मनीवर लादलेली 13,200 कोटी सुवर्ण मार्कांची भरपाई समुद्रातलं सोनं काढून फेडायची, हा त्यांचा बेत. माणूस नोबेल मिळवलेला, वेडगळ नव्हे. जहाजावर प्रयोगशाळा थाटून नमुन्यांमागून नमुने तपासले, तेव्हा कळलं की सोनं धरलं होतं त्याच्या शतांशही नाही.

युरेनियमचा आकडा मात्र खरा आहे. घोडं अडतं ते दुसऱ्याच आकड्यापाशी: लिटरमागे 3.3 मायक्रोग्रॅम. पिण्याच्या पाण्यात जागतिक आरोग्य संघटनेला 30 चालतात. म्हणजे निव्वळ युरेनियमचं बघाल तर समुद्राचं पाणी खुशाल प्यावं!

त्या लिटरभर पाण्यात युरेनियमचे 84 कोटी कोटी अणू असतात. पण पाण्याचे 400 कोटी रेणू मोजावेत तेव्हा त्यांच्यामागे हा एक. 800 कोटींच्या जगातून नेमकी दोन माणसं हुडकायची, तशातली गत. त्यात तो मोकळा सापडत नाही. तीन कार्बोनेट त्याला बिलगलेले, बाहेरून बहुधा कॅल्शियमचा वेढा.

एक हजार मेगावॉटची अणुभट्टी वर्षाला सुमारे 200 टन नैसर्गिक युरेनियम मागते. तेवढं समुद्रातून, थेंबही वाया न घालवता काढायचं म्हटलं तरी 60 घन किलोमीटर पाणी उपसावं लागेल. 105 टीएमसीचं कोयना धरण काठोकाठ भरलं तरी त्यात जेमतेम 3 घन किलोमीटर मावतं. म्हणजे दरवर्षी वीस कोयना. हे पाणी पंपानं फक्त 10 मीटर उचलायला 168 कोटी युनिट वीज जाते, आणि ती भट्टी वर्षभरात देते 790 कोटींच्या आसपास. पाण्यातलं पाव युरेनियमच हाती लागलं, तर बहुतेक सगळी वीज पंपच गिळणार. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला!

म्हणून पाणी उपसायचं सोडून युरेनियम धरणारं कापडच पाण्यात सोडलं. जपानी संशोधकांनी बाजारातल्या पिशव्यांचं असतं तसलं, न विणलेलं प्लास्टिकचं कापड घेतलं. त्यावर इलेक्ट्रॉनांचा मारा केला की धाग्यातले काही हायड्रोजन उडतात आणि त्या उघड्या जागांवर अ‍ॅक्रिलोनायट्राइलच्या साखळ्या वाढवता येतात. मग हायड्रॉक्सिलअमाइनमध्ये मुरवलं की साखळीवरचे नायट्राइल गट अमिडॉक्झिम होतात. कापड दिसायला तेच, पण आता त्याच्या नायट्रोजन-ऑक्सिजनच्या जोड्या कार्बोनेटांच्या मिठीतून युरेनियम ओढून घेतात. आम्लात धुतलं की युरेनियम सुटतं आणि कापड पुन्हा कामाला.

आओमोरी प्रांतातल्या मुत्सुजवळ, किनाऱ्यापासून 7 किलोमीटरवर, असं 350 किलो कापड पिंजऱ्यांत भरून सोडलं. पंप नाही, प्रवाह येईल तसा. सगळे मिळून 240 दिवस बुडवल्यावर हाती आला किलोभराहून थोडा जास्त यलोकेक, म्हणजे युरेनियमचा कच्चा माल. याच हिशेबानं तेवढ्याच दिवसांत ते 200 टन मिळवायचे तर 70 हजार टनांच्या घरात कापड लागेल.

इतकं कमी युरेनियम का? समुद्रात वजनानं युरेनियमच्या सव्वा लाख पट कॅल्शियम आहे, जवळपास चार लाख पट मॅग्नेशियम आणि 33 लाख पट सोडियम. एवढ्या गर्दीत कापडानं काहीतरी ओळखून धरलं हेच नवल. खरा खलनायक मात्र व्हॅनेडियम. समुद्रात तो युरेनियमइतकाच विरळ, पण अमिडॉक्झिमला घट्ट चिकटतो आणि सौम्य आम्लाला दाद देत नाही. कडक आम्ल वापरावं, तर कापडच खराब होतं.

मुंबईच्या भाभा अणुसंशोधन केंद्रातही असं अमिडॉक्झिमचं कापड तयार करून समुद्रात बुडवून पाहिलं गेलं. 2018 साली अमेरिकेत साध्या अ‍ॅक्रिलिक सुतावर प्रक्रिया करून 5 ग्रॅम यलोकेक मिळाला, आणि त्याची बातमी झाली. खाणीतलं युरेनियम यापेक्षा अजून स्वस्त पडतं.

माझ्या मते हे अमिडॉक्झिम समुद्रापेक्षा जमिनीवर लवकर कामी येईल. पंजाबच्या माळवा पट्ट्यात कित्येक बोअरवेलच्या पाण्यात युरेनियम 30 मायक्रोग्रॅमच्या वर आहे, म्हणजे समुद्राच्या निदान नऊ पट. तिथं ते विकायचं नाही, फक्त पिण्याच्या पाण्यातून बाहेर काढायचंय. टनांचा हिशेबच नाही.

तेव्हा समुद्रातल्या अमर्याद इंधनाची बातमी पुन्हा वाचनात आली, तर 450 कोटी टनांवर नजर खिळवू नका. किती किलो कापड, किती दिवस आणि किती ग्रॅम, एवढं आधी शोधा.