दोन मिनिटांचा विमानप्रवास

परगाव किती लांब आहे असे विचारले, तर आपल्याकडचा माणूस पुष्कळदा ‘एस्टीने तीन तास’ असे उत्तर देतो. त्यास दोष देण्याचे कारण नाही. विमानाच्या बाबतीत तर अंतर आणि वेळ यांचे नाते फारच सैल असते. ते किती सैल असावे, याचा नमुना स्कॉटलंडच्या उत्तरेस, ऑर्कनी बेटांत पाहावयास मिळतो.

तेथील वेस्ट्रे आणि पापा वेस्ट्रे या बेटांवरील विमानतळांत अवघे २.७ किलोमीटर अंतर आहे. मुंबई विमानतळाची मुख्य धावपट्टी साडेतीन किलोमीटरच्या आसपास आहे. म्हणजे हा अखंड प्रवास तिच्यावर मावून वर जागा उरेल! लोगनएअर कंपनीने १९६७ साली ही सेवा सुरू केली. वेळापत्रकाप्रमाणे चालणारा जगातील सर्वांत छोटा विमानप्रवास म्हणून तो प्रसिद्ध आहे. त्याला साधारण दोन मिनिटे लागतात. स्टुअर्ट लिंकलेटर या वैमानिकाने तो एकदा ५३ सेकंदांत पुरा केला.

आता थोडे त्रैराशिक मांडू. ५३ सेकंदांत २.७ किलोमीटर, म्हणजे ताशी सुमारे १८३ किलोमीटर वेग झाला. दोन मिनिटे धरली, तर तोच वेग ताशी ८१ वर येतो. एवढा आपल्या मोटारगाड्याही गाठतात. अंतर तेच, मग वेग निम्म्याहून कमी कसा?

याचे उत्तर वाऱ्यात आहे. विमान शक्यतो वाऱ्याकडे तोंड करून उडते आणि तसेच उतरते. समोरून येणारा वारा पंखांना आयताच उचल देतो व जमिनीवरील धाव कमी लागते. पापा वेस्ट्रे आहे पूर्वेला. पश्चिमेचा वारा जोराचा असेल, तर विमानास आधी पाठमोरे उडून मग वळावे लागते, आणि पलीकडे उतरताना पुन्हा वळसा घ्यावा लागतो. दिल्लीच्या प्रवासात असे वळसे कोणाच्या ध्यानातही येत नाहीत. येथे वळसे हाच निम्मा प्रवास! ब्रिटन-नॉर्मन आयलंडर हे दोन इंजिनांचे, आठ-नऊ उतारूंचे विमान आखूड धावपट्टीवर चालते, म्हणून हे जमते.

हौशी प्रवासी या उड्डाणाचे प्रमाणपत्र घेऊन जातात. पण त्यांच्या हौसेखातर कोणी विमान चालवीत नाही. पापा वेस्ट्रेवर शंभराहूनही कमी माणसे राहतात. रुग्णालय आणि मुख्य कचेऱ्या कर्कवॉल गावी, चाळीस किलोमीटरहून अधिक दूर. तेथून निघालेले विमान एकाच फेरीत दोन्ही बेटे घेते, म्हणून मध्ये हा दोन मिनिटांचा तुकडा पडला. शिक्षक, डॉक्टर, रुग्ण हे त्याचे खरे उतारू. तिकिटांच्या पैशांत खर्च भागणे शक्य नाही. तेथील स्थानिक कारभारमंडळ अनुदान देते.

या दोन बेटांमध्ये नावही चालते. तिला पंचवीसएक मिनिटे लागतात. मग विमानाने तेवीस मिनिटे वाचली म्हणावे काय? तो हिशेब अपुरा आहे. वाचतो तो कर्कवॉलचा वेळ. बोटीने वेस्ट्रे ते कर्कवॉल दीड तासाच्या आसपास लागतो, आणि पापा वेस्ट्रेच्या माणसास त्याआधी ही छोटी नाव गाठावी लागते. विमानाने सकाळी जाऊन, काम उरकून, त्याच दिवशी घरी येता येते. समुद्र खवळला की नाव थांबते, धुके दाटले की विमान. दोन्ही एकदम थांबली, तर कर्कवॉलचे काम दुसऱ्या दिवसावर जाते.