वेशीवर टांगलेले दुःख

घरातले दुखणे उंबरठ्याच्या आत ठेवण्याची आपल्याकडे चाल आहे. पाहुणा आला की औषधाच्या बाटल्या कपाटात ढकलाव्यात, आणि कुणी 'कसं काय?' म्हणून विचारले तर 'छान चाललंय' असे हसून सांगावे, ही आपली रीत. अशा घरांत वाढलेल्या तुम्हाआम्हाला अमेरिकेतल्या एका बाईंची हकीकत प्रथम थोडी चमत्कारिकच वाटेल. ३ ऑगस्ट २०१२ च्या रात्री लॉस एंजेलिसमधल्या 'लार्गो' या नाट्यगृहात टिग नोटारो रंगमंचावर आल्या, लोकांची विचारपूस केली आणि त्याच दमात आपल्याला कॅन्सर झाल्याचे सांगून मोकळ्या झाल्या.

लोक हसले. हसणारच! तिकिटे काढून हसायलाच आले होते ते. विनोदाच्या कार्यक्रमात कुणी असे सांगितले, तर पुढे काहीतरी गंमत येणार असेच कुणीही धरून चालेल. गंमत आली नाही. बाईंना खरोखरच स्तनाचा कॅन्सर होता, आणि तो कळून जेमतेम काही दिवस झाले होते.

या धंद्याला इंग्रजीत 'स्टँड-अप कॉमेडी' म्हणतात. पडदे नाहीत, पेटी-तबला नाही, जोडीला दुसरा नट नाही. एक मायक्रोफोन आणि त्याच्यासमोर एक माणूस. पु. ल. देशपांडे यांनी 'बटाट्याची चाळ' एकट्याने रंगमंचावर उभी केली, त्याची आठवण वाचकांना सहज होईल. पण पु. ल. चाळीतल्या अनेक बिऱ्हाडांच्या अंगात शिरत. इथे बिऱ्हाड एकच, आणि तेही स्वतःचे. पूर्वीचे अमेरिकन विनोदवीर त्यातही बायको आणि सासू यांच्यावर भागवीत. स्वतःची जखम उघडी करणाऱ्यांत रिचर्ड प्रायर यांचे नाव मोठे. १९८० साली अमली पदार्थांच्या नशेत ते जळून मरता मरता वाचले आणि १९८२ च्या त्यांच्या चित्रपटात त्याच आगीवर त्यांनी लोकांना पोट धरून हसवले. पण मधे काळ गेला होता. भाजलेल्या कातडीवर खपली धरली होती. दुःखात काळ मिसळला की विनोद होतो, असे या धंद्यातले एक जुने समीकरणच आहे.

नोटारोबाईंच्या समीकरणात काळ नव्हता. त्यांनी ते समीकरण लोकांना सांगितले आणि आपण सध्या त्यातल्या 'दुःख' या पदावरच उभ्या आहोत, असेही सांगून टाकले.

त्यांच्या दुःखाची यादी तरी केवढी! चार महिन्यांत हे सारे घडलेले. आधी न्यूमोनिया, मग आतड्याचा असा विकार की अन्न अंगी लागेना आणि शरीराचा सापळा झाला. त्यातून उठतात न उठतात तोच आई पाय घसरून पडली, डोक्याला मार लागला आणि ती गेली. मग प्रेमाचे माणूस सोडून गेले. आणि शेवटी हे निदान. नाटककाराने एका नायिकेवर इतके प्रसंग घातले असते, तर मी ती संहिता 'अतिरंजित' असा शेरा मारून परत केली असती.

पण ऐकताना लक्षात येते ते हे, की बाई दुःखाची थट्टा करीत नाहीत. दुःखाच्या आसपास जो मूर्खपणा वावरत असतो, त्याच्याकडे त्या बोट दाखवतात. आईच्या मृत्यूनंतर रुग्णालयाकडून टपालाने एक प्रश्नपत्रिका आली: आमच्याकडचा आपला मुक्काम कसा झाला? ती होती आईच्याच नावे! त्यातले प्रश्न बाई सावकाश, एकही रेघ न हलवता वाचून दाखवतात आणि उत्तरे देतात. माणूस हसतो, आणि हसता हसता त्याच्या घशात काहीतरी अडकते. देव झेपेल तेवढेच दुःख देतो, असे समजावणारे लोक तिकडेही आहेत. त्यावर बाईंनी देवाच्या दरबाराचे चित्र रंगवले: दूत काकुळतीला आले आहेत आणि देव म्हणतो आहे, अजून थोडे झेपेल हिला. आपल्याकडच्या कोणत्याही सांत्वनाला आलेल्या मंडळींसमोर हे म्हणून पाहावे!

मधेच प्रेक्षागृहात कुणीतरी गलबलले. बाई त्या माणसाची समजूत घालू लागल्या. सगळे ठीक होईल म्हणाल्या. मग थबकून म्हणाल्या, कदाचित होणारही नाही. तुमचे मात्र होईल. रोग्याने समाचाराला आलेल्याला धीर द्यावा, हा प्रकार आपल्या आजारी आयांनी घरोघर केलेला आहे. म्हणून मला तो परका वाटला नाही. पुढे त्यांनी विचारले, आता नेहमीचे हलकेफुलके विनोद सुरू करू का? लोक 'नको, नको' म्हणून ओरडले.

त्या अर्ध्या तासाचे ध्वनिमुद्रण ऑक्टोबर २०१२ मध्ये ५ डॉलरला विक्रीस आले आणि पुढे त्याला ग्रॅमी पारितोषिकाचे नामांकन मिळाले. त्याच्या नावाचे इंग्रजी स्पेलिंग 'लाइव्ह' असे वाचता येते, म्हणजे श्रोत्यांसमोर झालेला कार्यक्रम; पण बाई त्याचा उच्चार 'लिव्ह' करतात. लिव्ह म्हणजे जग. भाषा शिकवणाऱ्या माणसाला हा श्लेष सोडवत नाही.

इथवर वाचून कुणी म्हणेल, चला, दुःख सांगावे आणि हसून मोकळे व्हावे! एवढे ते सोपे नाही, हे ऑस्ट्रेलियातल्या हॅना गॅड्सबी यांनी 'नॅनेट' या कार्यक्रमात बजावले. २०१७ साली त्याने मेलबर्न आणि एडिंबरो येथे पारितोषिके मिळवली आणि २०१८ मध्ये तो नेटफ्लिक्समुळे जगभर पोचला. गॅड्सबी टास्मानियातल्या. तिथे पुरुषांचे समलिंगी संबंध १९९७ पर्यंत गुन्हा होते, आणि तशा वातावरणात मनाने वेगळ्या असलेल्या या मुलीचे बालपण गेले. एका बसथांब्यावर एक माणूस त्यांना पुरुष समजून मारायला धावला आणि बाई आहे हे कळताच वरमला, असा एक किस्सा त्या आधी सांगतात. प्रेक्षागृह हसते. कार्यक्रमाच्या अखेरीस तोच किस्सा पुन्हा येतो, आणि या वेळी त्याचा शेवटही येतो. तो माणूस परत आला होता. त्याने त्यांना मारले, आणि कुणीही त्याला अडवले नाही. त्या ना पोलिसांत गेल्या, ना दवाखान्यात.

गॅड्सबींचे म्हणणे असे: गोष्टीला आरंभ, मध्य आणि शेवट असतो, विनोदाला मात्र दोनच भाग लागतात. तेव्हा हशा हवा असेल, तर गोष्ट मधेच तोडावी लागते. वर्षानुवर्षे तोडलेलीच गोष्ट सांगितली, की खुद्द सांगणाऱ्यालाही तीच खरी वाटू लागते.

मला हे म्हणणे पटते. पण ते नोटारोबाईंना लागू पडत नाही, असे वाटते. त्यांच्या गोष्टीला त्या रात्री शेवटच नव्हता. तोडायचे काय? शस्त्रक्रिया व्हायची होती, पुढचे काहीच ठाऊक नव्हते, आणि तेवढेच त्यांनी सांगितले. आपल्या लक्ष्मीबाई तिलकांची 'स्मृतिचित्रे' वाचतानाही याच कारणाने हसू आणि आसवे एकत्र येतात. हसू आले म्हणून लक्ष्मीबाई गोष्ट आवरती घेत नाहीत. नवऱ्याच्या धर्मांतराने आलेला वियोग त्या पुरता सांगतात.

नोटारोबाईंचे दोन्ही स्तन काढावे लागले. २०१४ च्या नोव्हेंबरात न्यूयॉर्कच्या टाउन हॉलमध्ये कार्यक्रम चालू असताना त्यांनी अंगातला सदरा उतरवला. छातीवरचे व्रण सर्वांना दिसले. मग त्याच उघड्या अंगाने, व्रणांविषयी चकार शब्द न काढता, त्या आपले नेहमीचे किरकोळ विनोद सांगत राहिल्या.