मेंदूचा झटका : लेखांक ७
घरं ओळखणारा डॉक्टर

मागच्या आठवड्यात आपण रक्तदाबापाशी थांबलो होतो. पण ज्याला बीपी नाही, साखर नाही, ज्याचं वय जेमतेम पंचवीस, त्याच्या मेंदूत रक्तस्राव का व्हावा? या प्रश्नाचा माग आइसलँडमधल्या एका सरकारी डॉक्टरने काढला.

आर्नी आर्नासन हे तिथले जिल्हा डॉक्टर. साथी, लसीकरण, आजारी माणसं, मृत्यूची कारणं, सगळं अशा डॉक्टरकडेच. आपल्याकडचा तालुका आरोग्य अधिकारी आणि प्राथमिक आरोग्य केंद्राचा डॉक्टर एकाच माणसात असावेत तसं. मोठ्या इस्पितळातल्या तज्ज्ञाला रुग्ण दिसतो. या डॉक्टरला घर दिसतं. आज मुलगा गेला, याची मावशीही अशीच तरुणपणी गेली होती, हे त्याला शेजारीपाजारी सांगतात. १९३५ साली आर्नासन यांनी झटका आणि त्याची आनुवंशिकता यावर प्रबंध लिहिला. काही घराण्यांत पिढ्यान्‌पिढ्या तरुण माणसं मेंदूतल्या रक्तस्रावाने जात होती. डीएनएची रचना उलगडायला तेव्हा अजून १८ वर्षं होती! माझ्या मते झटक्याच्या जनुकीय संशोधनाचा पाया अशा डॉक्टरांच्या दप्तरांत आहे, आणि त्याचं श्रेय फार कमी दिलं जातं.

पुढचं काम प्रयोगशाळांनी केलं. रक्तवाहिन्यांच्या भिंतीत साचणारा थर सिस्टॅटिन सी या प्रथिनाचा आहे, हे १९८३ मध्ये कळलं. जनुकातला दोष १९८८ मध्ये सापडला. दोष एका अक्षराचा. तेवढ्याने प्रथिनाची घडी बिघडते, त्याचे रेणू एकमेकांना चिकटतात आणि भिंतीत साचत जातात. उन्हात पडून राहिलेली बागेतली नळी आठवा : वरून धड दिसते, पाणी सोडलं की कुठेतरी फुटते. आई किंवा वडील, एकाकडून सदोष प्रत आली तरी पुरते. प्रत्येक मुलात हा दोष येण्याची शक्यता निम्मी.

मला खरं हलवलं ते २००८ च्या एका अभ्यासाने. संशोधकांनी जुन्या नोंदींवरून या घराण्यांच्या वंशावळी मागे नेल्या. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला हा दोष असलेली माणसं सरासरी ६५ वर्षांच्या आसपास जगत होती, जवळजवळ आपल्या निरोगी जोडीदारांइतकीच. १९०० च्या सुमारास जन्मलेल्यांचं सरासरी आयुष्य तिशीवर आलं. जनुक तोच. दोष आईकडून आला असेल, तर आयुष्य आणखी सुमारे नऊ वर्षांनी कमी.

मग बदललं काय? जनुक हाती आल्यावरही संशोधकांना पुन्हा दारात उभ्या राहिलेल्या डॉक्टरचाच प्रश्न विचारावा लागला : घरात खाता काय? पूर्वी तिथे अन्न दह्याच्या आंबट निवळीत टिकवून ठेवत. एकोणिसाव्या शतकात बाहेरून येणारं पीठ, साखर आणि मीठ वाढलं. संशोधकांचा संशय आहारातल्या या बदलावर आहे. तो अजून सिद्ध झालेला नाही.

पुढचा लेखांक मिठावर.