जुन्या मोटारीची निगा : लेखांक ९
रॅकचा फाटलेला बूट

गेल्या लेखांकात पुढच्या ब्रेकांचा परामर्श घेताना चाक उतरवण्याचा प्रसंग आला होता. त्या वेळी ज्यांनी गाडीच्या मध्याकडे जाणाऱ्या एका दांड्यावर चढवलेली, हार्मोनियमच्या भात्याप्रमाणे घड्या असलेली काळी रबरी नळी पाहिली असेल, त्यांना आजचा विषय अपरिचित वाटणार नाही. गॅरेजच्या बोलीत तिला ‘रॅकचा बूट’ म्हणतात. मूल्याच्या दृष्टीने मोटारीच्या अगदी क्षुल्लक भागांत तिची गणना होते, आणि कदाचित म्हणूनच तिच्या बाबतीत होणारी हयगय मालकास तिच्या किमतीच्या कित्येक पट भुर्दंड भरावयास लावते.

उदाहरणादाखल मारुती ८०० ही गाडी घेऊ. डिसेंबर १९८३ मध्ये प्रथम ग्राहकाच्या हाती आलेली आणि जानेवारी २०१४ पर्यंत उत्पादनात राहिलेली ही गाडी तालुक्याच्या गावी आजही सर्रास दिसते. चालकाने स्टिअरिंग फिरवले की त्याच्या दांड्याच्या खालच्या टोकाचे लहान दातेरी चाक, म्हणजे पिनियन, आडव्या दातेरी दांड्यास, म्हणजे रॅकला, डावीउजवीकडे सरकवते; आणि रॅकच्या दोन्ही टोकांस बॉल जॉइंटने जोडलेले टाय रॉड ती गती चाकांपर्यंत पोहोचवतात. प्रीमियर पद्मिनीत स्टिअरिंगचे दाते तेल भरलेल्या बंद पेटीत फिरत असत, त्यामुळे तेथे या भात्याचा प्रश्नच उद्भवत नसे. रॅकची गोष्ट निराळी आहे. तो सरकत आपल्या नळीबाहेर येतो, पुन्हा आत जातो, आणि बाहेर आलेल्या त्या भागास धूळ, चिखल व पाणी यांपासून अलिप्त ठेवण्याचा सारा बंदोबस्त या पातळ रबराकडे सोपवलेला असतो.

रबर फाटण्याची कारणे अनेक आहेत. इंजिनाची धग, वरून ठिबकणारे तेल, हवेतील ओझोन आणि निव्वळ वय यांमुळे घडीच्या तळाशी प्रथम बारीक भेगा पडतात. पुष्कळ दिवस उभ्या राहिलेल्या गाडीत उंदीरही आपला वाटा उचलतात. परंतु एक कारण मनुष्यकृत असून त्याची दखल क्वचितच घेतली जाते. अलाइनमेंट करताना टाय रॉड फिरवावा लागतो. तो फिरवण्यापूर्वी बुटाच्या लहान टोकाची क्लिप सैल केली नाही, तर दांड्याबरोबर रबरासही पीळ बसतो, आणि असा पिळलेला बूट थोड्याच अवधीत घडीवर चिरतो. म्हणून अलाइनमेंट करून घेताना मालकाने तेथे उभे राहून ही एवढी गोष्ट पाहावी, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे.

फाटल्याबरोबर गाडी तक्रार करीत नाही, हीच यातली खरी मेख आहे. आतील ग्रीस काही काळ आपले काम करीत राहते. मग त्यात कोकणातली तांबडी धूळ किंवा घाटमाथ्यावरचा पावसाळी चिखल मिसळून त्याची घासणारी लुगदी होते, आणि खड्ड्यांवर खडखड ऐकू येऊ लागते तेव्हा बॉल जॉइंट झिजलेला असतो. आपल्याकडील गाड्यांत चालक उजवीकडे बसतो, म्हणून पिनियन आणि रॅकचे दातेही उजव्या बाजूस असतात. साहजिकच उजवा बूट फाटला तर गंज थेट दात्यांवर चढतो. डावीकडे तो गुळगुळीत दांड्यास आणि त्याला आधार देणाऱ्या बुशाला खातो. तेव्हा उजव्या बाजूच्या बाबतीत तर दिरंगाई मुळीच क्षम्य नाही.

आता प्रत्यक्ष कामाकडे वळू. गाडी सपाट जागी उभी करून मागच्या चाकांस ओट लावावी, हँडब्रेक ओढावा, चाकाचे नट जमिनीवरच सैल करून मग जॅक लावावा, आणि गाडीचा भार भक्कम स्टँडवर घेतल्याखेरीज खाली हात घालू नये. चाक काढल्यावर, काहीही सोडवण्यापूर्वी, टाय रॉड एंडच्या, म्हणजे टाय रॉडच्या चाकाकडील सांध्याच्या, चेकनटाची जागा आट्यांवर रंगाने खुणावून ठेवावी. एका फेऱ्याच्या फरकाने दांड्याची लांबी सव्वा ते दीड मिलिमीटर बदलते आणि टायरच्या कडेपाशी तो फरक जवळजवळ दुप्पट होतो, हे ध्यानी घेतले म्हणजे या खुणेचे महत्त्व कोणासही पटेल.

चेकनट किंचित सैल करून कॉटर पिन व नट काढावा आणि टाय रॉड एंड पुलरने सोडवावा. पुलर नसेल तर ज्या छिद्रात तो बसलेला असतो, त्याच्या बाजूच्या लोखंडावर हातोडीचे नेमके ठोके द्यावेत. बोल्टाच्या टोकावर ठोकून आटे बिघडवणारे मिस्त्री मी पुष्कळ पाहिले आहेत, त्यांचे अनुकरण करू नये. मग फेरे मोजत एंड काढावा, ती संख्या कागदावर टिपावी, आणि दोन्ही टोकांच्या क्लिपा सोडवून जुना बूट ओढून घ्यावा.

येथे घाई करणारा मनुष्य लगेच नवा बूट चढवतो आणि आतला शत्रू आतच कोंडून ठेवतो. वास्तविक याच क्षणी तपासणी व्हावयास हवी. ग्रीस दुधाळ असेल तर पाणी शिरले आहे, तांबूस असेल तर गंज धरला आहे, बोटांना कचकच लागली तर वाळू आहे. स्टिअरिंग पूर्ण वळवून रॅक बाहेर काढावा, रॉकेलने ओलावलेल्या फडक्याने स्वच्छ पुसावा, मात्र नळीच्या आत रॉकेल ओतू नये. टाय रॉड हाताने हलवून पाहता आतल्या बॉल जॉइंटमध्ये खेळ आढळल्यास तोही आत्ताच बदलावा, कारण त्यासाठी पुन्हा एवढीच उस्तवार करावी लागणार. दात्यांवर खड्डे पडले असतील, तर नवा बूट हा केवळ उपचार ठरेल. तेथे रॅकच बदलणे प्राप्त आहे. पण नुसता बूट फाटला म्हणून सबंध रॅक गळ्यात मारणाऱ्या दुकानदारास खुशाल नकार द्यावा.

रॅकवर लिथियम ग्रीसचा बेताचा थर द्यावा. भाता गच्च भरला तर घड्या मिटत नाहीत. बुटाचे लहान टोक जेथे बसते त्या खाचेतही थोडे ग्रीस लावावे, म्हणजे पुढे दांडा फिरला तरी रबर पिळणार नाही. मोठ्या टोकास पोलादी पट्टी उत्तम. रस्त्याकडेला प्लॅस्टिकची पट्टी आवळून काम भागवतात, ते तात्पुरते चालेल, पण उष्णतेने ती कडक होऊन तुटते. चिरलेला बूट बसवून चिकटवण्याची युक्ती घरापर्यंत पोहोचण्यापुरतीच समजावी. एंड टिपलेल्या फेऱ्यांइतकाच चढवावा, नट नियमाप्रमाणे आवळावा, पिनेचे छिद्र जुळले नाही तर नट मागे न घेता पुढे न्यावा, आणि पिन नवीच घालावी. शेवटी चेकनट घट्ट करून स्टिअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवावे व भाता कोठे पिळत वा अडकत नाही ना, हे पाहावे.

खुणा कितीही काटेकोर असोत, अलाइनमेंट तपासून घ्यावीच. तो विषय पुढील लेखांकासाठी राखून ठेवला आहे. ज्यांच्या गाडीस तेलाच्या दाबावर चालणारे पॉवर स्टिअरिंग आहे, त्यांनी एवढे ध्यानात ठेवावे की बूट दाबताच आतून तेल आले तर दोष बुटाचा नसून रॅकच्या सीलचा आहे, आणि आधी सीलची दुरुस्ती करून मगच नव्या बुटावर पैसे खर्चावेत.